डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवरील धूळ : स्वरूप, परीक्षण व स्वच्छता (नेकनूर परिसरातील दस्तऐवज-छायाचित्रणाच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

डिजिटल कॅमेरा हे आता केवळ छायाचित्रकाराचे साधन राहिलेले नाही. इतिहास, मराठी, भूगोल, वनस्पतिशास्त्र अशा सर्वच विषयांच्या अभ्यासकांना क्षेत्रीय काम करताना त्याचा आधार घ्यावा लागतो. विशेषतः जुने हस्तलिखित, वहीखाते, सनद किंवा शिलालेख मूळ जागेवरून हलविणे शक्य नसते, तेव्हा त्याचे छायाचित्र हीच अभ्यासकाची प्रत ठरते. पुढील वाचन, लिप्यंतर आणि निष्कर्ष त्या प्रतीवरूनच होतात. साहजिकच, प्रतीत जे दिसते ते मुळात आहे काय, हा प्रश्न दुय्यम समजता येत नाही. प्रतीत मुळात नसलेली खूण शिरण्याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी सर्वात क्षुल्लक वाटणारे आणि म्हणूनच सर्वाधिक दुर्लक्षित राहिलेले कारण म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरवर बसलेली धूळ होय. प्रस्तुत लेखात या धुळीचे स्वरूप, ती ओळखण्याची रीत व ती दूर करण्याची पद्धती यांचा परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे.

समस्येचे स्वरूप :

नेकनूर परिसरातील एका शेतकरी कुटुंबाकडे असलेल्या मोडी वहीखात्याची छायाचित्रे प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी घेतली. कॅमेरा गावातील एका छायाचित्रकार मित्राकडून मागून आणलेला होता आणि लग्नसराईत तो रोज कामात असे. वहीची पाने वाकलेली असल्याने संपूर्ण पान सुस्पष्ट यावे या हेतूने छिद्र बरेच लहान, म्हणजे छिद्रांक १६, ठेवले होते. संगणकावर वाचन करताना एका नोंदीत 'भांडे २ रुपये' असे लागले. मजकुराच्या ओघात भांडे कोठून आले हे उलगडेना. वहीच्या मालकांना विचारले असता ते म्हणाले, "सर, त्या साली भांडं कशाला घेतील? गाडीचं भाडं दिलं असंल." त्यानंतर सर्व पाने शेजारी शेजारी ठेवून पाहिली असता, प्रत्येक पानाच्या उजव्या वरच्या भागात नेमक्या त्याच जागी तोच ठिपका आढळला. कोठे तो कोऱ्या जागेत होता, कोठे अक्षरात बुडालेला होता, आणि या एका पानावर तो 'भा'च्या डोक्यावर अनुस्वार होऊन बसला होता.

मराठी वाचकास अनुस्वाराचे महत्त्व सांगण्याची आवश्यकता नाही. 'नाव' पाण्यात चालते आणि 'नांव' माणसाला असते, हा भेद जुन्या लेखनात ठिपक्यानेच सांभाळला जाई. 'बैल माझे' आणि 'शेत माझें' यांतील लिंग-वचनाचा भेदही त्यावरच उभा होता. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार रद्द केले. तथापि त्यापूर्वीचा सर्व हस्तलिखित व मुद्रित मजकूर अशा अनुस्वारांनी भरलेला आहे. मोडी लेखनात तर अनुस्वार पुष्कळदा गाळलेला असतो, तो वाचकाने संदर्भाने पुरवायचा असतो. त्यामुळे आयता मिळालेला ठिपका अभ्यासक आनंदाने स्वीकारतो, ही त्यातील खरी गोम आहे.

ठिपक्यापुरतेच हे थांबत नाही. मोडी हिशेबात पाव, अर्धा व पाऊण हे अपूर्णांक अनुक्रमे एक, दोन व तीन उभ्या रेघांनी दाखविण्याची प्रथा होती. सेन्सरवर कापसाचा एखादा सरळ तंतू बसला तर तो अंकापुढे पाव होऊन उभा राहू शकतो. बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि त्या राजवटीत कारभाराची भाषा उर्दू झाल्याने येथील जुने महसुली दप्तर मोठ्या प्रमाणात त्या लिपीत आहे. त्या लिपीत 'दाल' व 'ज़ाल', 'रे' व 'ज़े' या अक्षरांतील भेद केवळ एका नुक्त्याचा आहे. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे उर्दू अंकांत शून्य हे वर्तुळाने न लिहिता ठिपक्याने लिहितात. पाचापुढे धुळीचा एक कण पडला की पन्नास होतात.

हा धोका केवळ तात्त्विक आहे असे समजण्याचे कारण नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि कुणबी नोंदींच्या शोधार्थ मराठवाड्यातील निजामकालीन मोडी व उर्दू कागदपत्रांची तपासणी सुरू झाली. जुन्या कागदातील एका शब्दावर कुटुंबाचे भवितव्य अवलंबून असू शकते, हे त्या निमित्ताने सर्वांच्या लक्षात आले. अंबाजोगाई येथील दासोपंतांची कापडावर लिहिलेली पासोडी हे आपल्याच जिल्ह्यातील दुसरे उदाहरण घेता येईल. अशी दीर्घ वस्तू एका छायाचित्रात मावत नाही, तिचे तुकड्यातुकड्याने चित्रण करून ते जोडावे लागतात, आणि सेन्सरवर एक कण असेल तर तो प्रत्येक तुकड्यात एकदा, म्हणजे संपूर्ण जोडचित्रात ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा उमटतो.

धूळ ठिपका कसा होते :

ज्याला आपण सेन्सरवरील धूळ म्हणतो ती वस्तुतः सेन्सरवर नसते. प्रकाशसंवेदी पेशींच्या पुढे अवरक्त किरण अडविणारी व सूक्ष्म रेषांचा गोंधळ टाळणारी पारदर्शक पटले बसविलेली असतात. धूळ बसते ती या पटलांच्या बाहेरील पृष्ठभागावर. कण आणि पेशी यांच्यामध्ये साधारण एक ते दोन मिलिमीटर अंतर राहते, आणि चित्रात दिसतो तो कण नसून कणाची सावली असते. ही गोष्ट लक्षात आली की पुढचे सर्व कोडे आपोआप सुटते.

मोठ्या छिद्रातून येणारा प्रकाश रुंद कोनातून येतो, म्हणून सावली पसरते व विरते. लहान छिद्रातून येणारा प्रकाश अरुंद असतो, म्हणून सावली आवळली जाते व गडद होते. उन्हाळ्यातील दुपारी वाड्याच्या कौलातील छिद्रातून येणाऱ्या कवडशात बोट धरले तर सावली कशी रेखीव पडते आणि मोकळ्या ओसरीत ती कशी पुसट होते, तोच हा प्रकार आहे. ढोबळ हिशेब करून पाहू. पटलाची जाडी २ मिलिमीटर व काचेचा अपवर्तनांक १.५ धरला, तर छिद्रांक २.८ असताना एका बिंदुवत कणाची सावली सुमारे ०.४८ मिलिमीटर व्यासाची होते. छिद्रांक १६ असताना ती सुमारे ०.०८ मिलिमीटर इतकी आकसते. कणाचा व्यास ०.०५ मिलिमीटर असेल तर पहिल्या स्थितीत प्रकाश जेमतेम एका टक्क्याने घटतो, जे डोळ्याला कळत नाही. दुसऱ्या स्थितीत मात्र तो एक तृतीयांशाहून अधिक घटतो. म्हणूनच लग्नात मोठ्या छिद्राने शेकडो छायाचित्रे काढणाऱ्या छायाचित्रकारास आपल्या कॅमेऱ्यात धूळ आहे याचा पत्ताही नसतो, आणि तोच कॅमेरा अभ्यासकाच्या हाती आला की ठिपके उगवतात.

आता कागदावर येऊ. २३.५ मिलिमीटर रुंदीच्या, आडव्या बाजूस ६००० बिंदू असलेल्या सेन्सरवर ०.०८ मिलिमीटरची सावली सुमारे २१ बिंदू व्यापते. ३० सेंटिमीटर रुंदीचे पान या ६००० बिंदूंत बसविले असता दर मिलिमीटरास २० बिंदू येतात. याचा अर्थ असा की, ती सावली कागदावर सुमारे एक मिलिमीटर व्यासाच्या ठिपक्याएवढी दिसते. बोरूने दिलेल्या अनुस्वाराचा आकार साधारण एवढाच असतो. निसर्गाने हे माप जणू मुद्दाम जुळविले आहे. मूळ सावली करडी असते हे खरे, परंतु फिकट शाई वाचता यावी म्हणून आपण चित्राचा गडदपणा वाढवितो किंवा त्याचे शुद्ध काळे-पांढरे रूपांतर करतो, तेव्हा ती शाईपासून वेगळी ओळखता येत नाही.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज नमूद करणे आवश्यक वाटते. ठिपका दिसला की बहुतेक जण भिंगाची पुढची काच पुसू लागतात. भिंगाच्या पुढील काचेवरील कण सेन्सरपासून इतका दूर असतो की त्याची सावली चित्रात उमटतच नाही. पुसणाऱ्याचे समाधान होते आणि भिंगाचे लेपन मात्र झिजते.

नेकनूर परिसरातील धुळीचे घटक :

बालाघाटच्या पठारावरील हा परिसर अवर्षणप्रवण असून येथील जमीन दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे. काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण अधिक असते; ती कोरडी असताना फुफाटा होऊन उडते आणि ओल लागताच चिकटते. मुरमाड भागात याच खडकाच्या पोकळ्यांतून निघणाऱ्या गारगोटीचे कण मिसळलेले असतात. गारगोटीची कठिणता मोहस् श्रेणीत ७ आहे, तर सेन्सरपुढील पटलासाठी काही कॅमेऱ्यांत वापरल्या जाणाऱ्या लिथियम नायोबेटची सुमारे ५. कोरडे फडके घेऊन असा कण घासणे म्हणजे काचेवर कानस फिरविणे होय. पटलावर एकदा ओरखडा पडला की तो कोणत्याही द्रावणाने जात नाही.

मातीखेरीज ज्वारी-बाजरीच्या उफणणीतील भुसा, वेचणीच्या दिवसांतील कापसाचे तंतू, उसाचे पाचट जाळल्यावर तरंगणारी काजळी आणि आठवडी बाजाराच्या दिवशी रस्त्यावरून उठणारा धुरळा हे सर्व हंगामानुसार कॅमेऱ्याच्या वाट्यास येते. लग्नातील हळद व मिरवणुकीतील गुलाल यांचा उल्लेख मुद्दाम करावा लागेल. गुलालाची भुकटी अत्यंत बारीक असते आणि घामट हवेत ती पटलास चिकटून बसते. नायगावच्या मयूर अभयारण्यात मोरांची छायाचित्रे घेणाऱ्यांनाही निरभ्र आकाशात हेच ठिपके भेटतात, फक्त तेथे ते पक्षी समजले जातात.

काही कण बाहेरून येतच नाहीत. कॅमेऱ्याचा आरसा व शटरचा पडदा यांच्या घर्षणातून सूक्ष्म कण आणि वंगणाचे शिंतोडे निर्माण होतात. २०१२ साली आलेल्या निकॉन डी ६०० या कॅमेऱ्याबाबत अशा ठिपक्यांच्या तक्रारी जगभर झाल्या आणि २०१४ मध्ये कंपनीने त्याची विनामूल्य दुरुस्ती जाहीर केली. नवा कॅमेरा म्हणजे स्वच्छ कॅमेरा असे गृहीत धरता येत नाही, एवढे यावरून स्पष्ट होते.

भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यात भिंग काढता येत नसल्याने ही अडचण सहसा उद्भवत नाही, मग तोच का वापरू नये, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु अलीकडील भ्रमणध्वनी चित्र घेतल्यावर ते आपल्या मतीने रेखीव करतात, पुसट जागा भरतात. झिजलेल्या अक्षराच्या बाबतीत ही मदत धुळीपेक्षा घातक ठरू शकते. धूळ निदान आपली जागा सोडत नाही.

परीक्षणाची रीत :

कॅमेऱ्याची सर्वसाधारण तपासणी सोपी आहे. पांढरा कोरा कागद किंवा स्वच्छ आकाश समोर धरावे, छिद्रांक १६ ते २२ ठेवावा, संवेदनक्षमता किमान ठेवावी, भिंगाचा केंद्रबिंदू हेतुपुरस्सर बिघडवावा व चित्र घेताना कॅमेरा किंचित हलवावा. कागदाचे पोत व डाग हलल्याने पुसले जातात, सेन्सरवरील धूळ कॅमेऱ्याबरोबरच हलत असल्याने स्थिर उमटते. हे चित्र संगणकावर पूर्ण आकारात कोपऱ्याकोपऱ्याने पाहावे. कण नेमका कोठे आहे हे शोधताना मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भिंग प्रतिमा उलटी पाडते; त्यामुळे चित्रात वर डावीकडे दिसणारा ठिपका, कॅमेरा सरळ धरून समोरून आत पाहिले असता, खाली डावीकडे असतो.

दस्तऐवजांच्या कामात याहून महत्त्वाची सवय म्हणजे प्रत्येक बैठकीच्या आरंभी व शेवटी, त्याच छिद्रांकावर, कोऱ्या कागदाचे एक चित्र घेणे. ते मूळ चित्रांसोबतच जतन करावे. पुढे दहा वर्षांनी कोणी शंका घेतली तर हे कोरे चित्र साक्षीदार म्हणून उभे राहते. शंकास्पद पानाच्या बाबतीत कागद बोटभर सरकवून दुसरे चित्र घ्यावे. कागदाबरोबर सरकतो तो ठिपका लेखकाचा, जागीच राहतो तो कॅमेऱ्याचा. या कसोटीला कोणतेही उपकरण लागत नाही, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते क्षेत्रीय अभ्यासाच्या प्रत्येक पाठात तिचा समावेश व्हावयास हवा.

स्वच्छतेची पद्धती :

स्वच्छतेपूर्वी धूळ आत जाऊ न देणे हे श्रेयस्कर. भिंग बदलण्यापूर्वी कॅमेरा बंद करावा, वाऱ्याकडे पाठ करावी, कॅमेऱ्याचे तोंड जमिनीकडे ठेवावे आणि बदलावयाचे दुसरे भिंग आधीच हाताशी असावे. आडोसा म्हणून पंचा किंवा उपरणे धरण्याची आपली सवय येथे उपयोगाची नाही, कारण सुती कापडाचेच तंतू आत पडतात. त्यापेक्षा स्वच्छ प्लास्टिकची पिशवी बरी. कॅमेऱ्याचे झाकण खिशात ठेवू नये. खिशाच्या तळाशी काय असते हे सर्वांना ठाऊक आहे. आरसाविरहित कॅमेऱ्यांत भिंग काढताच पटल उघडे पडते. २०१८ मधील कॅनन ईओएस आर सारख्या काही कॅमेऱ्यांत बंद करताच शटर मिटते, परंतु सर्वांत ही सोय नाही.

२००३ मध्ये ऑलिंपसने ई-१ या कॅमेऱ्यात पटलाला अतिजलद कंपने देऊन धूळ झटकण्याची योजना आणली आणि २००६ पासून कॅनन, सोनी, पेंटॅक्स यांनीही कंपनाचा मार्ग स्वीकारला. आज ती बहुतेक कॅमेऱ्यांत असते. कोरडा कण यामुळे पडतो; वंगण, गुलाल किंवा ओल लागलेली काळी माती पडत नाही. ठिपका गणिताने भरून काढणारी सोयही काही कॅमेऱ्यांत व संगणकप्रणालींत मिळते. निसर्गचित्रासाठी ती ठीक आहे. दस्तऐवजासाठी ती वापरू नये, कारण ठिपक्याखाली काय होते याचा केवळ अंदाज ती बांधते.

हाताने स्वच्छ करावयाचे असल्यास जागेची निवड महत्त्वाची. पंखा बंद असावा, दारे-खिडक्या लावलेल्या असाव्यात. फरशीवर थोडा वेळ आधी पाण्याचा सडा टाकला तर हवेतील धूळ खाली बसते. अंगणात सडा टाकण्यामागील जुन्या व्यवहारज्ञानाचा हा नवा उपयोग म्हणता येईल. वीजघट पूर्ण भारित असलाच पाहिजे. आरशाच्या कॅमेऱ्यात स्वच्छतेसाठी आरसा वर व पडदा उघडा धरून ठेवावा लागतो आणि वीज संपताच दोन्ही खाली येतात. त्या क्षणी आत काडी असेल तर पडदा फाटतो. वीजजोडणीवर चालणारे उपकरण लावण्याची सूचना काही माहितीपुस्तिकांत असते, परंतु भारनियमनाच्या भागात घटावर विसंबणे अधिक सुरक्षित.

प्रथम कॅमेऱ्याच्या यादीतील सेन्सर-स्वच्छतेचा पर्याय निवडून आरसा उचलावा, कॅमेऱ्याचे तोंड खाली धरावे आणि रबरी फुग्याने आठ-दहा वेळा हवा मारावी. फुग्याचे टोक आत पटलाला लागू देऊ नये. बहुतेक कोरडी धूळ एवढ्यानेच जाते, म्हणून येथे थांबून पुन्हा परीक्षण-चित्र घ्यावे. तोंडाने फुंकर कदापि मारू नये; थुंकीचा एक शिंतोडा दहा कणांहून वाईट. दाबलेल्या वायूचे डबेही वर्ज्य समजावेत, कारण त्यातील द्रव पटलावर उडून डाग पडतात.

ठिपका तरीही राहिला तर ओल्या पद्धतीकडे वळावे. यासाठी सेन्सरच्या उंचीइतक्या रुंदीची, लहान सेन्सरसाठी साधारण १६ व मोठ्यासाठी २४ मिलिमीटरची, बंद वेष्टनातील तंतुरहित पट्टी आणि सेन्सरसाठीच बनविलेले शीघ्र उडणारे द्रावण घ्यावे. पट्टीच्या टोकावर दोनच थेंब टाकून ते जिरू द्यावेत. मग एका कडेवरून दुसऱ्या कडेपर्यंत हलक्या, समान दाबाने एकदाच ओढावे, पट्टी उलटून दुसऱ्या बाजूने एकदा परत आणावे आणि ती टाकून द्यावी. तीच पट्टी तिसऱ्यांदा फिरविण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण कडेला गोळा झालेली गारगोटी आता पट्टीत असते. द्रावण जास्त झाले तर कडेने ओघळाचे डाग राहतात. अशा वेळी नव्या पट्टीने, कमी द्रावणाने पुन्हा एकदा. नखरंग काढण्याचे ॲसिटोन, बाजारातील स्पिरिट, चष्म्याचे द्रव, कानात घालण्याची कापूसकाडी यांपैकी काहीही वापरू नये. हात थरथरत असेल किंवा कॅमेरा दुसऱ्याचा असेल तर अधिकृत सेवाकेंद्रात पाठविण्यात कमीपणा नाही.

आधीच घेतलेली छायाचित्रे :

अनेक महाविद्यालयांच्या व अभ्यासकांच्या संग्रही मागील वीस वर्षांत घेतलेली हजारो चित्रे पडून आहेत आणि त्यांच्यासोबत कोऱ्या कागदाचे चित्र नाही. तेथेही मार्ग आहे. एकाच बैठकीतील चाळीस-पन्नास मूळ चित्रे संगणकावर एकावर एक ठेवून त्यांची सरासरी काढली असता, पानागणिक बदलणारा मजकूर एकमेकांत विरून करडा होतो आणि सर्व चित्रांत एकाच जागी असलेली धूळ तेवढी उरते. अशा प्रकारे धुळीचा नकाशा तयार होतो. मात्र चित्रे कापलेली किंवा फिरविलेली नसावीत. नकाशावर ठिपका सापडला म्हणून चित्रातून तो खोडूनही टाकू नये. मूळ चित्र तसेच ठेवून लिप्यंतरात त्या जागी संशयाची खूण करावी.

प्रारंभी उल्लेखिलेल्या वहीची चित्रे याच रीतीने तपासली असता धुळीच्या जागेवर मजकूर आलेली दोन पाने निघाली. एक 'भाडे' असलेले आणि दुसरे, जेथे ठिपका 'आबा' या अक्षरांवर पडून 'आंबा' झाला होता. पहिल्याचा अनुभव ताजा असल्याने दुसराही ठिपका धुळीचाच धरून लिप्यंतरात 'आबा' असे लिहिलेही होते. पुढे मूळ वही पुन्हा पाहण्याचा योग आला. 'भाडे'वर काहीही नव्हते. दुसऱ्या पानावर मात्र, जेथे धुळीची सावली पडली होती अगदी त्याच जागी, शाईने दिलेला अनुस्वार होता. नोंद आंब्याच्या झाडाची होती आणि झाड बांधावर अजून उभे आहे.